रस्ता डोंगरावर सुरू होतो

हिवरे बाजारच्या गावठाणातून सकाळी फिरायला निघाले तर रस्ता फार वेळ पुरत नाही. दोन्ही बाजूंना घरे, ग्रामसंसदेची इमारत, शाळा, देऊळ, आणि बघता बघता गाव मागे पडून शेते लागतात. कमानी नाहीत, कारंजी नाहीत, फुटपाथवर मांडलेल्या खुर्च्या नाहीत. तरीही इथे पाय आपोआप सावकाश पडतात. रस्ता स्वच्छ आहे हे लगेच जाणवते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट थोडी उशिरा ध्यानात येते. या रस्त्यावर कोणी पाण्यामागे धावत नाही.

नगर जिल्ह्यातली एप्रिल-मेमधली सकाळ ज्याने पाहिली आहे त्याला याचे मोल सांगायला नको. निळे ड्रम, रांगेत मांडलेल्या कळश्या, टँकर येतो आहे का म्हणून फाट्याकडे लागलेले डोळे. अशा गावातही माणसे सकाळभर चालतच असतात, पण त्या चालण्याला फिरणे कोणी म्हणणार नाही. रमतगमत चालायला आधी सकाळ मोकळी असावी लागते, रस्ता नंतर.

हिवरे बाजारची सकाळ तशी मोकळी नव्हती. नगर शहरापासून पंधरा-सतरा किलोमीटरवरचे हे गाव पर्जन्यछायेत येते. पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मोजक्या दिवसांत, सरीवर सर घालून पडणारा. गावाच्या नावातल्या ‘बाजार’विषयी जुनी माणसे सांगतात की निजामशाहीच्या काळी इथे हत्ती-घोड्यांचा बाजार भरे. कागदोपत्री आधार काहीही असो, गावाने ही आठवण जपली आहे. दुसरी आठवण मल्लांची. तालमी, जत्रेतले फड, मानाचे फेटे यांसाठी हिवरे पंचक्रोशीत ओळखले जाई. मग डोंगरावरची झाडे तुटली, 1972 चा दुष्काळ आला आणि गावाचा कणाच मोडला. विहिरी आटल्या, तरणी माणसे मजुरीसाठी पुण्या-मुंबईकडे निघाली, मागे राहिलेल्यांत दारू आणि मारामाऱ्या वाढल्या. सरकारी नोकराची या गावी बदली झाली तर ती शिक्षा समजली जाई, हे तिथे अजूनही सांगतात. तेव्हाही हा रस्ता होताच. पण त्याचा उपयोग गावातून बाहेर पडण्यासाठी होता.

रस्ता आणि डोंगर यांच्या नात्याचे आता थोडे लांबचे उदाहरण सांगतो. ऑस्ट्रियातल्या आल्प्स पर्वतात इन्सब्रुक नावाचे शहर आहे आणि तिथला मारिया थेरेसिया रस्ता फिरस्त्यांत प्रसिद्ध आहे. त्याच्या मोठ्या भागात गाड्यांना मज्जाव, माणसांनी वाटेल तसे रेंगाळावे. मध्ये 1706 साली उभारलेला संत ॲनाचा स्तंभ. दक्षिणेच्या टोकाला 1765 ची विजयकमान, तिची तऱ्हा निराळीच. राजपुत्राच्या लग्नासाठी ती उभी राहिली, त्याच सोहळ्यात सम्राट वारला, म्हणून कमानीची एक बाजू लग्नाच्या आनंदाची आणि दुसरी सुतकाची. उत्तरेला चालत गेले की जुने शहर लागते आणि तिथे सम्राट मॅक्सिमिलियनसाठी 1500 मध्ये पूर्ण झालेले सोनेरी छप्पर आहे, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या 2657 कौलांचे. गंमत अशी की या मॅक्सिमिलियनच्या हाती तिरोल प्रांत आला तो 1490 मध्ये. त्याच वर्षी इकडे अहमद निजामशहाने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच मुलखात आपले नगर वसवले. त्या दोघांना एकमेकांची खबरही नसेल.

इन्सब्रुकच्या त्या रस्त्याच्या कुठल्याही छायाचित्रात घरांपेक्षा, स्तंभापेक्षा नजर जाते ती मागच्या भिंतीकडे. नॉर्डकेटे नावाची डोंगररांग, दोन हजार मीटरच्या वर चढलेली, थेट रस्त्याच्या डोक्यावर उभी. पर्यटक तिला देखावा समजतात. शहराच्या दृष्टीने मात्र तो कामाचा डोंगर आहे. त्याच्या उतारांवर हिमलोट अडवायला पोलादी अडसर ठोकलेले आहेत, खाली संरक्षक जंगल राखलेले आहे. आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचा बहुतेक भाग याच डोंगराच्या पोटातल्या, म्युलाऊच्या झऱ्यांतून येतो. वरचे जंगल आणि झरे नीट नसते तर खालच्या खुर्च्यांवर बसून कॉफी पिणे जमले नसते. शेजारच्या स्वित्झर्लंडमधल्या आंडरमाट गावच्या लोकांनी तर 1397 मध्येच लेखी ठराव करून गावावरच्या जंगलात कुऱ्हाड चालवायला बंदी घातली होती. हिमलोटाची भीती होती, म्हणून तो ठराव टिकला.

कुऱ्हाडबंदी म्हटले की नगर जिल्ह्यातला माणूस कान टवकारतो. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री राळेगणसिद्धीत रुजली आणि तिथून आदर्श गाव योजनेत आली. हिवरे बाजारने ती 1994 मध्ये या योजनेत सामील होताना स्वीकारली. त्याआधी, 1989-90 च्या सुमारास गावाने पोपटराव पवार या एम.कॉम. झालेल्या, क्रिकेटमध्ये रमलेल्या तरुणाला बिनविरोध सरपंच केले होते. त्यांना पुढे 2020 ची पद्मश्री मिळाली, ते सर्वांना माहीत आहे. मला त्यातली लक्षात राहण्यासारखी गोष्ट वाटते ती कामाच्या क्रमाची. सुरुवात शाळेपासून झाली. पाण्याचे काम त्यानंतर, आणि तेही विहीर खोल करण्यापासून सुरू झाले नाही. गाव आधी डोंगरावर चढले.

उघड्या उतारावर चाळीस हजारांच्या आसपास चर खणले गेले. सलग समतल चर म्हणजे डोंगराच्या अंगाला आडवी, एकाच पातळीत धावणारी खाच. पाऊस धो धो कोसळला की पाणी उतारावरून सुसाट सुटते आणि जाताना माती घेऊन जाते. चरात ते थांबते. थांबलेले पाणी कुजलेल्या दगडाच्या थरात, भेगांत उतरते आणि खालच्या विहिरीला महिन्यांनी भेटते. आपला काळा कातळ स्वतः पाणी धरत नाही, त्याच्या सांध्या-भेगांतच काय ती जागा असते. म्हणून वाहत्या पाण्याला तिथवर मुरायला वेळ मिळाला पाहिजे. चर हा वेळ मिळवून देतो. त्याखाली अनघड दगडी बांध, माती नालाबांध, पाझर तलाव, सिमेंटचे बंधारे, असा माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा क्रम. वरचे सोडून खालचेच बांधले तर दोन पावसांत बंधारा गाळाने भरतो. अशी भरलेली बांधकामे महाराष्ट्रात गावोगाव पाहायला मिळतात, त्यांच्या उद्घाटनाच्या पाट्या मात्र शाबूत असतात.

डोंगरावर झाडे लावली, पण झाडांपेक्षा आधी गवत आले, कारण चराई थांबली. जनावरे डोंगरावर सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून डोक्यावर आणायचे. गवत वाढले तसे दूध वाढले. गावातले दूध नव्वदच्या दशकाच्या मध्याला रोज दीडशे लिटर होते, पुढच्या पंधरा वर्षांत ते चार हजारांच्या घरात गेले. 1995 मध्ये गावातल्या एकूण 180 पैकी 168 कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली मोजली गेली होती. ती यादी पुढे तीन कुटुंबांवर आली. बाहेर गेलेली कित्येक घरे परतली. ज्या रस्त्याने माणसे बोचकी घेऊन गेली त्याच रस्त्याने ती परत आली.

आदर्श गाव पाहायला बसगाड्या भरून लोक येतात. अधिकारी येतात, विद्यार्थी येतात, परराज्यातले सरपंच फेटे बांधून येतात. माहितीपट बघतात, प्रश्न विचारतात, गल्लीत फोटो काढतात आणि जेवून निघतात. डोंगर चढणारे थोडे. मला हे जरा विचित्र वाटते. रस्त्यावर जे दिसते ते वरच्या कामाचे फळ आहे, आणि फळाचा फोटो घेऊन आपल्या गावी झाड लावता येत नाही. यामुळेच कदाचित हिवरे बाजारची नक्कल करायला निघालेली गावे पुष्कळ आणि जमलेली थोडी. रंगवलेल्या भिंती, सुविचार, स्वच्छ गटारे हे एका वर्षात जमते. चराईबंदी एका वर्षात जमत नाही, कारण तिथे शेजाऱ्याच्या शेळीला नाही म्हणावे लागते.

पाणी आल्यावर त्याला नाही म्हणणे तर त्याहून अवघड. गावाने शेतीसाठी बोअरवेल बंद ठेवल्या. ऊस आणि केळीसारखी तहानलेली पिके नाकारली. विहिरीचे पाणी वरच्या थरातले, ते दर पावसाळ्यात बऱ्यापैकी भरून निघते. बोअरचे पाणी खोलातले, तिथे झिरपून पोचायला वर्षानुवर्षे लागतात. विहीर हे चालू खाते, बोअर ही आजोबांची मुदत ठेव. ती मोडून ऊस लावणारी गावे आपल्या आसपास कमी नाहीत. हिवरे बाजारात 2004 पासून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, निरीक्षण विहिरींत पाणी कुठवर आहे, हे मोजायचे आणि ग्रामसभेत ठरवायचे. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला, मग उरेल त्यावर पिके. पाऊस कमी झाला तर रब्बीचे क्षेत्र कमी, आणि ते सर्वांचेच. 1995 नंतर पिण्याच्या पाण्याचा टँकर लागला नाही असे गाव अभिमानाने सांगते. हा अभिमान पावसाचा नाही. पाऊस शेजारच्या गावांत पडतो तितकाच इथे पडतो.

खालच्या रस्त्याचे पाणी वरच्या जागेवर ठरते, ही अक्कल जुन्या शहरांना होती हे आपण विसरतो. निजामशाहीत नगर शहरासाठी कापूरवाडीसारख्या बाहेरच्या जागांहून खापरी नळांनी पाणी आणले होते. उंच जागी साठवलेले पाणी उताराने शहरातल्या हौदांपर्यंत. ज्या बाजारपेठेतून आज आपण कापडाची दुकाने बघत चालतो, तिचे पाणी तेव्हा शहराबाहेरच्या उंचवट्यांवर अवलंबून होते. पुढे धरणाचे पाणी आले, नळ आले, शहराचे त्या उंचवट्यांशी असलेले नाते तुटले. ते तुटल्याचे कोणाला फारसे वाईटही वाटले नाही, मलाही परवापर्यंत वाटत नव्हते.

एका गोष्टीबद्दल मात्र अजून मनाची खात्री होत नाही. हिवरे बाजारच्या गल्लीत सकाळी सहा-साडेसहाला निवांत फिरताना दिसतात ते पाहुणे, निवृत्त झालेली माणसे आणि शाळेची वेळ व्हायची वाट बघणारी पोरे. बायका गोठ्यात असतात. दूध वाढले की शेण वाढते, वैरण वाढते, धारांची वेळ पहाटे आणखी अलीकडे सरकते. डोक्यावरचा पाण्याचा हंडा उतरला हे खरे, आणि ते लहान काम नव्हते. ज्या आईने मैलभरावरून पाणी वाहिले तिची लेक आज शाळेच्या गणवेशात सायकलवर बसते, ते तिथे डोळ्यांनी दिसते. पण त्याच डोक्यावर गवताचा भारा आला, हेही दिसते. दुधाचा पैसा घरात कोणाच्या हाती पडतो, हा प्रश्न कुठल्याही डेअरीच्या गावात विचारावा असाच आहे, आणि इथल्या पाहुण्यांपैकी तो विचारणारा मला अजून भेटला नाही. पाण्याचा हिशेब मिलिमीटरमध्ये मांडणारे गाव श्रमाचा हिशेबही मांडू शकेल, मोजण्याची सवय त्याला आहेच. डोंगरावरच्या चरांतला गाळ वेळोवेळी काढावा लागतो, नाहीतर पहिल्या जोरदार सरीतच ते भरून वाहू लागतात. ते काम श्रमदानात निघते, तेव्हा फावडी आणि पाट्या घेऊन बाया-माणसे दोघेही वर जातात. गोठ्यातल्या कामाला असे श्रमदान कधी लागू होईल, हे ग्रामसभेने एकदा चर्चेला घ्यायला हरकत नाही.