रेंज आणि दिग्व्रत

माझ्या सासूबाईंनी सत्तरी ओलांडल्यावर कुंभोजच्या बाहुबलीला एका मुनिमहाराजांसमोर दिग्व्रत घेतलं. उत्तरेला कुंथलगिरी, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, पूर्वेला विजापूर, पश्चिमेला समुद्र. या मर्यादेपलीकडे आयुष्यभर पाऊल टाकायचं नाही. पुढे धाकट्या नातीचं लग्न नागपूरला ठरलं. सगळ्यांनी विनवलं, विमानाचं तिकीट काढतो म्हणालो, नातीने फोनवर रडून घेतलं. त्या गेल्या नाहीत. लग्नाच्या दिवशी सकाळी देवळात जाऊन आल्या आणि दुपारी नेहमीसारख्या तांदूळ निवडत बसल्या. मला हा नुसता हट्ट वाटला होता. व्रत घ्यायचं तर रात्रीच्या जेवणाचं घ्यावं, कंदमुळांचं घ्यावं. दिशांनी कुणाचं काय वाकडं केलंय?

हे सगळं पुन्हा आठवायला विजेची गाडी कारण झाली.

मी वीज मंडळात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि महावितरणमधून निवृत्त झाले. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून ‘बोर्ड’च आहे. त्यामुळे जयसिंगपुरात विजेची गाडी घ्यायची म्हटल्यावर घरातले माझ्याकडे बघायला लागले. जन्मभर डीपी, फिडर आणि भारनियमनाच्या वेळापत्रकात गेलेली बाई, हिलाच कळणार. शोरूममधला मुलगा मात्र मला पाण्याची बाटली देऊन यांच्याशीच बोलत होता. यांना रंग आवडला होता. मी चार्जरचा करंट विचारल्यावर तो गडबडला आणि आतून कुणाला तरी घेऊन आला.

पुण्याहून मुलाचा फोन. त्याचा पहिला प्रश्न रेंजचा. दुसरा आणि तिसराही रेंजचाच. मी टियागोची २४ किलोवॅट-तासाची बॅटरी बघत होते, तो म्हणे नेक्सॉनची ४५ ची घे. “आई, मध्येच अडकलीस तर? थोडी जास्त असलेली बरी.” छोट्या बॅटरीची रेंज जाहिरातीत तीनशेच्या आसपास, प्रत्यक्षात दोनशे, आणि हायवेवर एसी लावून सुटलात तर त्याहून कमी. आमचं जाणं-येणं मी कागदावर मांडलं. सांगली, मिरज, इचलकरंजी, नातेवाइकांचं कोल्हापूर, महिन्या-दोन महिन्यांनी बाहुबली. यातलं काहीच जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर जात नाही. पुणे तेवढं सव्वादोनशेच्या पलीकडे, आणि तिकडे जाणं वर्षातून मोजकंच. त्या मोजक्या फेऱ्यांसाठी शंभर-दीडशे किलोची जादा बॅटरी मी रोज सांगलीच्या बाजारात का फिरवावी? मुलगा म्हणाला, “असू दे की, लागली तर.” आमच्या जैन शास्त्रात परिग्रह ज्याला म्हणतात त्याचं एवढं स्वच्छ उदाहरण मला स्वाध्यायाच्या वर्गातसुद्धा कुणी दिलं नव्हतं.

छोटी घेतली. हिरवी पाटी लागली, नारळ फुटला. सासूबाईंना पहिल्यांदा देवळात घेऊन गेले. आवाज नाही, वास नाही, त्या खूश. परतताना म्हणाल्या, “धूर न्हाईच म्हणं हिला. मग त्यो जातो कुठं? तूच सांगायचीस, विजेला कोळसा लागतो म्हणून.”

एवढं मला शोरूममध्ये कुणी विचारलं नव्हतं.

हिशेब मला येतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आमची जुनी गाडी लिटरला सोळा-सतरा किलोमीटर जायची, म्हणजे किलोमीटरला १४० ग्रॅमच्या आसपास. नवी गाडी मीटरवरच्या एका युनिटमागे सातएक किलोमीटर जाते. देशातली जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशावर होते, आणि सरासरीने एका युनिटमागे ७०० ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. तारांतली गळती धरूनही किलोमीटरला सव्वाशे ग्रॅमच्या आतच राहतं. पेट्रोल विहिरीतून काढून, शुद्ध करून, टँकरने पंपापर्यंत आणण्याचा खर्च धरला तर फरक आणखी वाढतो. तेव्हा ‘विजेची काय आणि पेट्रोलची काय, सारखंच’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते हिशेब न करण्याचं निमित्त असतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि सासूबाईंचा प्रश्न किती ग्रॅम हा नव्हताच. तो धूर कुणाच्या नावावर, हा होता.

तत्त्वार्थसूत्रात पापकर्माचे १०८ प्रकार मोजलेत. मनात ठरवणं, साधनं जमवणं, प्रत्यक्ष करणं हे तीन. मन, वाणी, शरीर हे तीन. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, केलेल्याला मान्यता देणं हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. गुणाकार करून बघा. आमच्या जपमाळेत १०८ मणी का, याचं एक उत्तर हेच देतात. लहानपणी पाठशाळेत मी हे घोकलं होतं, पण कृत-कारित-अनुमोदनेचा अर्थ कळला तो गाडीच्या चार्जरपाशी. पेट्रोलची गाडी मी स्वतः जाळत होते: कृत. आता मी बटण दाबते आणि चंद्रपूरला कुणीतरी माझ्यासाठी कोळसा जाळतं: कारित. हिंसा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेली, आणि सूत्रकारांनी ते रकाने शेजारी-शेजारी आखलेत. एकात सूट आणि दुसऱ्यात दंड असं ठेवलेलं नाही.

चंद्रपूर मी पाहिलंय. २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र, शेजारीच दुर्गापूरच्या कोळसा खाणी, आणि थोड्या अंतरावर ताडोबाचं जंगल. नोकरीत असताना प्रशिक्षणासाठी गेले होते. विश्रामगृहाच्या खिडकीच्या चौकटीवर सकाळी पुसलं तरी दुपारी करडा थर. तिथला वॉचमन म्हणाला होता, “मॅडम, वीज तुमच्याकडे जाते, राख आमच्याकडे राहते.” त्या वेळी मी हसून सोडून दिलं. तत्त्वार्थसूत्र आणखी एक गोष्ट सांगतं: कर्म किती घट्ट चिकटेल हे भाव तीव्र की मंद यावर ठरतं, तसंच ते जाणून केलं की नकळत यावरही ठरतं. जयसिंगपुरातल्या इतर गाडीवाल्यांना ‘नकळत’ची सवलत असेल. मला नाही. फिडरच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे मला पगार घेऊन शिकवलं होतं.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कोयना आहे की. आहे, १९६० मेगावॅटची आहे, आणि संध्याकाळी मागणी चढली की तिचाच आधार असतो. पण कोयनेच्या पोटात गावं बुडाली, त्यांच्या पुनर्वसनाची भांडणं पिढ्यांनी चालवली. शिवाय जे पाणी कराडला कृष्णेला मिळून आमच्याकडे आलं असतं, ते पश्चिमेला वळवून वीज करतात आणि वाशिष्ठीतून समुद्राला देतात. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत. मी तक्रार करत नाही. निर्दोष वीज नावाची वस्तू बोर्डात तीस-बत्तीस वर्षं राहूनही माझ्या पाहण्यात आली नाही, एवढंच. बॅटरीचं तेच. आमच्या गाडीतली लोह-फॉस्फेटची आहे, तिच्यात कोबाल्ट नाही, म्हणून काँगोतल्या खाणींचं ओझं माझ्यावर नाही. लिथियम आणि ग्राफाइटचं आहे.

इथवर कुणीही चिकित्सक माणूस येईल. खरी पंचाईत पुढे झाली, आणि ती धुरावरून झाली नाही, स्वस्ताईवरून झाली. घरच्या विजेवर किलोमीटरला जेमतेम रुपया-सव्वा रुपया पडतो. हे पूर्वी पेट्रोलचा काटा बघून घराबाहेर पडायचे. आता संध्याकाळी किल्ली फिरवत म्हणतात, “चल गं, नरसोबाच्या वाडीला चक्कर मारून येऊ, फुकटच तर आहे.” वाडीला दर्शन घेतो असं नाही; घाटावर बसतो, भेळ खातो, येतो. शेजारच्या वहिनींना सांगलीला साडी बदलायला न्यायचं, भाच्याला स्टेशनवर सोडायचं, हेही ओघाने आलंच. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्रांनी अनर्थदंडाची, म्हणजे विनाकारण हिंसेची यादी दिली आहे. तिच्यात उगाच माती खणणं, उगाच पाणी सांडणं, उगाच विस्तव पेटवणं यांच्या पंक्तीला बिनकामाचं भटकणं आहे, आणि दुसऱ्याला भटकायला लावणंही आहे. ती यादी वाचताना मला हटकून आमची पार्किंगची जागा दिसते. किलोमीटरमागचा धूर थोडा घटला आणि किलोमीटर दीडपट झाले, तर चंद्रपूरच्या वॉचमनला काय मिळालं?

आणि इथे मला सासूबाईंचं दिग्व्रत उलगडलं. त्याच ग्रंथात सांगितलंय की दिशांच्या मर्यादा समुद्र, नदी, अरण्य, डोंगर, देश, योजनं अशा ठळक खुणांनी आखाव्यात, आणि त्या मर्यादेबाहेरच्या प्रदेशापुरतं गृहस्थाचं छोटं व्रतही मुनींच्या महाव्रतासारखं होतं. कारण साधं आहे: जिथे मी जातच नाही, तिथल्या किडामुंगीलाही माझ्याकडून धक्का नाही. संसार करणाऱ्या माणसाला पूर्ण अहिंसा जमणार नाही हे ओळखून शास्त्राने त्याला निदान जमिनीचा एक मोठा तुकडा दाखवला, जिथे त्याची अहिंसा पूर्ण असेल. नागपूर सासूबाईंच्या त्या तुकड्यात होतं.

आमच्या स्वाध्यायातले एक काका मला म्हणाले, “मग तुमची गाडीच दिग्व्रत पाळते की, दोनशेच्या पुढे जातच नाही!” सगळे हसले. मला ते पटलं नाही. बॅटरी संपली म्हणून थांबणं ही अडवणूक आहे. जाता येत असताना थांबणं हे व्रत. रेंजची चिंता करणारा माणूस मनाने केव्हाच गोव्याला पोहोचलेला असतो, फक्त गाडी मागे असते. आणि ती अडवणूकही दिवसेंदिवस ढिली होते आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर चार्जर वाढत चाललेत. कराडच्या अलीकडे एका ठिकाणी मशीन बंद, पुढच्या ठिकाणी रांग, असं आमच्या वाट्याला आलं, पण ते काही कायमचं नाही. चार्जिंगला तासभर लागतो, सामायिक, म्हणजे समभावाने बसायचं ध्यान, ४८ मिनिटांचं, तेव्हा तिथेच बसून ते करावं असं मी एकदा ठरवलं होतं. करत नाही. चहा पिते आणि दुसऱ्यांच्या गाड्यांची टक्केवारी वाचत बसते.

दिग्व्रत मोडण्याच्या ज्या पाच वाटा सूत्रात सांगितल्या आहेत, त्यांत एक आहे क्षेत्रवृद्धी: एका दिशेचं अंतर कापून दुसऱ्या दिशेला जोडायचं. यांनी ती आपल्या बुद्धीने शोधून काढली. “पुण्याला गेलो नाही या दिवाळीत, ते किलोमीटर शिल्लक आहेत, गणपतीपुळ्याला जाऊ.” दुसरी वाट, आखलेली मर्यादाच विसरून जाणं. ती माझी आहे.

सगळंच काही हिशेबात बसत नाही, हेही खरं. पावसाळ्यात रात्री शिरोळच्या रस्त्याने येताना दिव्यांच्या झोतात किड्यांची झुंबड उडते आणि सकाळी काच पुसताना ओल्या फडक्याला किडेच लागतात. पेट्रोलची गाडी असतानाही लागायचे. चातुर्मासात मुनी चार महिने एका जागी राहतात ते याच जीवांसाठी, आणि एरवीही चार हात जमीन बघून पाय टाकतात. साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला चार हात म्हणजे काहीच नाही. त्यात ही बिनआवाजाची. देवळाच्या बोळात झोपलेलं कुत्रं पेट्रोलच्या गाडीला उठायचं, हिला उठत नाही. मी गाडी चालवताना हे माझ्यावर ओरडतात, इतकी मी त्या बोळात हळू जाते.

नेमाने जमतात त्या दोन गोष्टी. एक, गाडी मी दुपारी अकरा ते तीनच्या मधेच चार्जिंगला लावते. तेव्हा सौर वीज भरपूर असते आणि औष्णिक केंद्रांना भार उतरवावा लागतो. रात्रीच्या युनिटात कोळसा जास्त. संध्याकाळी सहा ते दहा तर हात लावत नाही. दोन, पुण्याला आता आम्ही रेल्वेने जातो. गणपतीपुळ्याचा वाद अजून चालू आहे.

गल्लीत कुणी विचारलं, घ्यावी का? तर माझं उत्तर, पेट्रोलची घेणारच असाल तर त्याऐवजी ही घ्या. आधी वर्षभर कुठे-कुठे जाता ते कागदावर लिहा, त्यातली कुठली जाणी गाळता येतील त्यावर काट मारा, आणि उरेल तेवढ्याच बॅटरीचे पैसे भरा. पंधरा अँपिअरचा सॉकेट स्वतंत्र वायरवर घ्या. आणि अर्थिंग चांगल्या वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय गाडी चार्जिंगला लावू नका. जुन्या घरांत ते बहुतेक वेळा नसतंच.