शंकेला जागा न ठेवणारी अक्षरं

तत्त्वज्ञ देकार्तचं ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे १६३७ सालचं प्रसिद्ध विधान संशयातून जन्मलं. ज्याबद्दल शंका घेता येते ते सगळं बाजूला सारल्यावर विचार करणारा ‘मी’ तेवढा उरला. बरोबर साडेतीनशे वर्षांनी, १९८७मध्ये, अमेरिकी कलावंत बार्बरा क्रूगर यांनी त्यातला विचार काढून तिथे खरेदी बसवली. या बदलाला धार आली ती फ्यूचुरा बोल्ड ऑब्लिक या जाड तिरक्या टाइपामुळे: रेषा भरीव, टोकांना शेपट्या नाहीत, सगळे शब्द उजवीकडे झुकलेले. संशयातून निघालेलं वाक्य हुकमासारखं ऐकू येऊ लागलं.

विधानाचा खरेपणा त्याच्या रूपावर अवलंबून असावा का? अर्थातच नाही. तरी २०१२मध्ये चित्रपट दिग्दर्शक एरल मॉरिस यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वाचकांपुढे एकच उतारा वेगवेगळ्या टाइपांत ठेवला, तेव्हा सुमारे ४५ हजार उत्तरांत बास्करव्हिल या टाइपाच्या बाजूने विश्वासाचं पारडं किंचित झुकलं. फरक लहान होता. तो मुळी असायलाच नको होता.

जाड तिरका टाइप तर विश्वास मागतच नाही, तो ढकलतो. रोमन लिपी वाचताना नजर ज्या दिशेने सरकते त्याच दिशेला अक्षरं कललेली असल्याने शब्द धावतो आहे असं वाटतं. म्हणून खेळाचं सामान, शर्यती, सेलच्या पाट्या इथे तो शोभतो. दोन-चार शब्दांपुरताच, कारण पानभर ठळक मजकुरात कशावरच जोर उरत नाही. तो घडवणंही सोपं नाही: उभं अक्षर नुसतं कलतं केलं तर गोलाई बिघडते, ती नव्याने सावरावी लागते.

मग दोष अक्षराचा? १९२७मध्ये बाजारात आलेल्या फ्यूचुराचे रचनाकार पाउल रेनर नाझींचे विरोधक होते. १९३३मध्ये त्यांना अटक झाली. त्याच राजवटीने आधी जर्मन म्हणून मिरवलेल्या गॉथिक वळणाला १९४१मध्ये ‘ज्यू अक्षरं’ ठरवून हद्दपार केलं. अक्षरावर पाप लादणं इतकं सोयीचं असतं. अक्षराला स्वभाव असतो, विवेक वापरणाऱ्याला लागतो.

क्रूगर यांनी तो दाखवला. ‘मादम्वाझेल’ मासिकाच्या डिझाइन विभागात काम केल्यामुळे जाहिरात वाचकाशी कोणत्या सुरात बोलते, हे त्यांना आतून ठाऊक होतं. तोच सूर त्यांनी इतका उघडा केला की वाचणारा थबकून विचारतो, हे मला सांगतंय कोण? या अक्षरांचा याहून प्रामाणिक वापर दाखवणं कठीण आहे.

१९९४मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘सुप्रीम’ या कपड्यांच्या ब्रँडने क्रूगर यांच्या कामांत दिसणारी लाल चौकटीतली पांढरी तिरकी फ्यूचुरा आपल्या नावासाठी घेतली. अक्षरं तीच, प्रश्न गेला, किंमत आली. २०१७मध्ये क्रूगर यांनी त्याच शहरात, परफॉर्मा कलामहोत्सवात, स्वतःच तात्पुरतं दुकान थाटलं आणि आपल्या अक्षरांत प्रश्न छापलेले कपडे व स्केटबोर्ड विकायला ठेवले.