स्टॅच्यू

मांद्र्याच्या किनाऱ्यावर एक बाई लहान मुलांना सर्फिंग शिकवते. मूळची पेडण्याचीच. मुलं तिला ताई म्हणतात. मुलांचे आईबाप पहिल्या दिवशी मॅडम म्हणतात आणि दुसऱ्या दिवसापासून तेही ताईवर येतात. एका जानेवारीत ठाण्याचं एक जोडपं आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन तिच्याकडे आलं. बाप कॉलेजात असताना पोहण्यात पदकं मिळवलेला. मुलालाही त्याने सोसायटीच्या तलावात तयार केलं होतं. तीन दिवसांचे पैसे मोजून झाल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, हा उभा कधी राहील?"

"राहील की. आधी पडायला शिकू दे."

हा सुविचार समजून बापाने मान डोलावली. ताईने मात्र दिवसाचा अभ्यासक्रम सांगितला होता.

पहिल्या सकाळी तिच्याकडे तीन मुलं होती आणि हाताखाली एक पोरगा. तिने प्रत्येक मुलाला ताठ उभं केलं आणि बेसावध असताना मागून हलकंच ढकललं. तोल सावरायला ठाण्याच्या मुलाने डावा पाय पुढे टाकला, म्हणजे उजवा मागचा. लीश, म्हणजे बोर्ड पायाशी बांधून ठेवणारा दोर, उजव्या घोट्याला. तिने आधी घोट्यावरची वाळू पुसली, पट्टा गुंडाळला, दोर पायात येऊ नये म्हणून त्याचं टोक मागच्या बाजूला फिरवलं, पट्ट्याखाली एक बोट घालून पाहिलं आणि दोर दोनदा ओढला. हे सगळं ती मुलाशी गप्पा मारत करत होती. नाश्त्याला काय खाल्लंस, तर पोहे. मग पोह्यात बटाटा होता का. बाप घड्याळाकडे बघत होता.

मग गुडघाभर पाण्यात पडण्याची शर्यत लागली. नियम सोपे होते. बोर्डापासून लांब पडायचं, डोक्यावर नाही. पाठीवर किंवा कुशीवर, हातपाय पसरून, जितका मोठा 'धपाक' निघेल तितके गुण. उथळ पाण्यात सूर मारला तर डोकं वाळूवर आपटतं, आणि मानेची दुखापत ही मस्करी नाही. पडल्यावर दोन्ही हात डोक्याभोवती घ्यायचे, तीन मोजायचे आणि मगच वर यायचं, कारण लीशला बांधलेला बोर्ड ताणून परत येतो आणि कुठून येईल ते सांगता येत नाही. बोर्ड फोमचा असला तरी नाकावर बसला की कळतं. तिसरा नियम चालण्याचा. बोर्ड आपल्या बाजूला चालतो, टोक लाटेकडे करून. आपल्या आणि लाटेच्या मधे त्याला कधी येऊ द्यायचं नाही, आला तर लाट तो आपल्या छातीवर सोडते.

आणि मग स्टॅच्यू. हा खेळ मुलांना आधीपासून येत होता, कोणाला येत नाही? ताईने त्यात थोडी भर घातली होती. ती 'स्टॅच्यू' ओरडली की असाल तिथे बोर्डावर पोटावर पडायचं, एका हाताने कड घट्ट धरायची, दुसरा हात सरळ वर. हलायचं नाही, पाय मारायचे नाहीत. 'ओव्हर' म्हणेपर्यंत. पोरं हसून लोळत होती. एक जण हलला म्हणून बाद झाला आणि त्याने तक्रार केली की नाकात माशी गेली होती.

पाऊण तास झाला. ठाण्याचा मुलगा 'अजून एकदा, अजून एकदा' म्हणत होता, तेवढ्यात ताईने सगळ्यांना बाहेर काढलं. मुलगा रडला.

बापाला राहवलं नाही. "त्याला अजून करायचं होतं. आणि सर्फिंग तर झालंच नाही. खेळायचे पैसे दिलेत का मी?"

"अजून हवं असताना बाहेर आला, म्हणजे उद्या पळत येईल," ताई म्हणाली. "ओठ निळे पडेपर्यंत ठेवला असता तर उद्या त्याचं पोट दुखलं असतं. आणि खेळाचं म्हणाल, तर घाबरलेल्या मुलाला कानात ओरडून सांगितलं तरी ऐकू येत नाही. मजेत असलेल्या मुलाला एकदा सांगितलं की पुरे. समुद्रात मला ऐकणारं मूल लागतं. माझं सगळं शिकवणं एवढंच आहे."

आपल्याकडे पोरांना कमरेला भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत ढकलायची रीत होती. त्या रीतीने पोहायला शिकलेली माणसं म्हातारपणीही ती गोष्ट अभिमानाने सांगतात. जे शिकले नाहीत आणि जन्मभर पाण्यापासून लांब राहिले, ते गप्प बसतात. म्हणून ती रीत हमखास यशस्वी वाटते.

दुसऱ्या दिवशी मुलगा खरंच पळत आला. पहाटेपासून जमिनीवरून मतलई वारा होता आणि लाटा विंचरल्यासारख्या ओळीने येत होत्या. ताईने मुलांना त्यांच्या कमरेएवढ्या पाण्यात नेलं, फुटून गेलेल्या लाटेचा पांढरा फेस येतो तिथे. मूल बोर्डावर पालथं, ताई एका हाताच्या अंतरावर. फेस आला की ती बोर्डाच्या शेपटीला एक धक्का द्यायची आणि मूल पोटावरच थेट वाळूपर्यंत जायचं. तिकडे तिचा मदतनीस उभा असायचा. दोनतीन फेऱ्यांनंतर मुलं आपणहून गुडघ्यांवर आली. उभं राहा असं तिने कोणालाच सांगितलं नाही. किनाऱ्यावर मोबाइल धरून बसलेला बाप मात्र दर फेरीला ओरडत होता, "ऊठ! अरे, ऊठ!" मुलगा त्याच्याकडे बघायला मान वळवायचा आणि पडायचा. पडण्याचे मात्र त्याला दहापैकी दहा गुण होते.

दुपारी बापाने ताईकडून बोर्ड मागून घेतला. "झेंड्यांच्या मधे," ती म्हणाली. "लाल-पिवळे दोन झेंडे दिसतात ना, त्यांच्या मधेच. आणि त्याच्या कमरेपर्यंत."

पण दुपारचा खारा वारा सुटला होता. झेंड्यांच्या मधे पाणी विस्कटलेलं, गर्दी, फेस, आरडाओरडा. बाप साधारण शंभर पावलं पुढे चालत गेला, बांबूच्या साकवापलीकडे, आणि तिथे त्याला हवी तशी जागा सापडली. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधल्या पट्ट्यात मात्र पाणी सपाट होतं. रंगही जरा गडद. इथे मुलाला कोणी धक्का देणार नाही, निवांत उभं राहता येईल, असा त्याने विचार केला. कोणत्याही काळजी करणाऱ्या बापाने हाच विचार केला असता.

लाट फुटते ती खालची जमीन लागते म्हणून. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापटीवर आली की लाट ढासळते. गुडघाभर लाट फुटताना दिसली, तर तिथे पाणी मांडीच्या आसपास आहे असं किनाऱ्यावरूनच सांगता येतं. आणि दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधेच फुटत नसतील, तर तिथे खोल आहे. वाळूच्या दोन बांधांमधली ती खाच असते. फुटलेल्या लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी त्याच खाचेतून परत समुद्रात जातं. म्हणून तिथे ओढ असते, आणि म्हणूनच ती जागा शांत दिसते. ताईने मुलांसाठी निवडलेली जागा दंगा करणारी होती आणि बापाने निवडलेली जागा गप्प होती. समुद्राच्या बाबतीत पुष्कळ शहाणी माणसं या निवडीत चुकतात.

मुलगा बोर्डावर पालथा होता, बाप छातीभर पाण्यात. एक पाऊल टाकलं आणि खाली वाळू नव्हती. बाप घाबरला नाही, पोहणारा होता. त्याने एका हाताने बोर्ड धरला आणि किनाऱ्याच्या दिशेने हात मारायला लागला. जोरदार ओढ सेकंदाला दोन मीटरच्या आसपास जाते. शंभर मीटरचा ऑलिंपिक विजेताही साधारण तेवढ्याच वेगाने पोहतो, आणि तोही एका हाताने पोहत नाही. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, नुसती बाहेर नेते. बुडवतो तो तिच्याशी भांडून आलेला थकवा. बापाच्या पोटात पाणी गेलं, दम लागला, आणि तो मुलावर ओरडला, "पाय मार! जोरात पाय मार!"

तो आवाज मुलाने कधी ऐकला नव्हता. त्याने पाय मारले नाहीत. त्याने बोर्डाची कड धरली, दुसरा हात सरळ वर केला आणि म्हणाला, "बाबा, स्टॅच्यू!"

बाप थांबला. दम संपला होता म्हणून, की लहानपणी गल्लीत हा शब्द ऐकला की जागच्या जागी थिजायची सवय अंगात कुठेतरी उरली होती म्हणून, देव जाणे. त्याने दोन्ही हात बोर्डावर टाकले आणि नुसता लोंबकळत राहिला. ओढीने दोघांना फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे नेलं, आणि तिथे ती सैल पडली. अशी ओढ बहुतेक वेळा पलीकडे सैल पडतेच, तोवर तरंगत राहायचं असतं.

किनाऱ्यावर आईला मुलाचा वर केलेला हात दिसला. तिनेही हसून हात हलवला.

जीवरक्षकाला मात्र तो हात वेगळा दिसला. तो आपला लांब बोर्ड घेऊन वल्हवत आला. सर्फच्या फळीवरून माणसं वाचवायची ही कला जुनी आहे. हवाईचा ड्यूक काहानामोकू, 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलेला, त्याने 1925 साली कॅलिफोर्नियात न्यूपोर्टच्या किनाऱ्याजवळ उलटलेल्या बोटीतल्या आठ जणांना आपल्या फळीवरून आणलं होतं. तेव्हापासून जीवरक्षकांना फळीचं मोल पटलं. आपला जीवरक्षक बापलेकांना सरळ किनाऱ्याकडे घेऊन गेला नाही. आधी किनाऱ्याला समांतर, बराच आडवा गेला, आणि जिथे लाटा दणादण फुटत होत्या तिथून फेसाबरोबर आत आणलं.

"हात कोणी वर केला?" त्याने वाळूवर विचारलं.

बापाने मुलाकडे बोट दाखवलं.

"बरं झालं. तुमच्याकडे मघाशी बघितलं होतं मी. म्हटलं, पोहतायत, चांगले पोहतायत."

मुलाचा हात अजून वरच होता. आईने तो खाली घ्यायचा प्रयत्न केला, तर तो म्हणाला, "ओव्हर कोण म्हणणार?" आई म्हणाली, "ओव्हर." मग त्याने तो हात खाली घेतला आणि भजी मागितली.

तिसऱ्या सकाळी बापाने ताईला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती रागावली नाही; रागावून त्याच्या भीतीत भर घालण्यात तिला अर्थ वाटला नसावा. बोर्ड वाळूवर ठेवून ती दोघांना वरच्या उंचवट्यावर घेऊन गेली. पाच मिनिटं तिघं समुद्राकडे बघत बसले.

"कुठे जायचं नाही?" तिने मुलाला विचारलं.

मुलाने गडद पट्ट्याकडे बोट केलं.

"कशावरून?"

"तिथे लाट फुटत नाहीये. आणि फेस उलटा चाललाय, बाहेर."

दुसरी खूण ताईने त्याला शिकवलेली नव्हती. काल बोर्डावर पालथं पडून त्याने ती पाहिली होती.

"मी काय करू आज?" बापाने विचारलं. मुलगा उभा कधी राहील, हे त्याने विचारलं नाही.

"रॅशगार्ड घाला आणि रांगेत उभे राहा."

तो मुलांच्या रांगेत सगळ्यात मागे उभा राहिला. त्याला पडता येत नव्हतं. दरवेळी जुन्या सवयीने तो सूर मारल्यासारखा पुढे झुकायचा आणि पोरं ओरडायची, "बाद! बाद!" त्याच्या मुलाने त्याला दोनदा करून दाखवलं, असे हात, अशी पाठ. चौथ्या वेळी एक बरा धपाक निघाला आणि पाच गुण मिळाले. नंतर मुलगा फेसावर गेला, पोटावरून गुडघ्यांवर आला आणि गुडघ्यांवरून उभा राहिला, दीडेक सेकंद. बापाने ते पाहिलं नाही. तो त्या वेळी पाण्याखाली, डोक्याभोवती हात धरून तीन मोजत होता.

वर आल्यावर त्याने किनाऱ्याकडे बघून विचारलं, "आलं का व्हिडिओत?"

व्हिडिओ कोणीच काढत नव्हतं. मोबाइल टॉवेलवर पडला होता आणि आई दुसरा रॅशगार्ड डोक्यातून खाली ओढत ताईसमोर उभी होती.

"मला पोहता येत नाही. चालेल का?"

"कमरेच्या पुढे नेणार नाही तुम्हाला," ताई म्हणाली. "आधी इथे पडून दाखवा."