मालक नसलेले व्यासपीठ, मालक नसलेला पैसा आणि धम्माची कसोटी



हल्ली आपल्या शिकलेल्या तरुणांकडून दोन सूचना वारंवार ऐकू येतात. पहिली अशी की, बड्या कंपन्यांच्या मालकीची समाजमाध्यमे सोडून आपण सर्वांना खुल्या, विकेंद्रित समाजमाध्यमांवर जावे. दुसरी अशी की, सरकार व बँका यांच्या हातातला पैसा सोडून रोजच्या देवघेवीत बिटकॉइनसारखे आभासी चलन वापरावे. दोन्ही सूचनांमागे एकच भावना आहे: आता आपल्यावर कोणी मालक नको. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या मालकांचा जाच सोसला, त्याच्या मुलांना ही भावना पटावी यात नवल नाही.

परंतु आपण त्रिशरण-पंचशील घेतले आहे. तथागतांनी कालामांना बजावले होते की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. हिताचे काय आणि अहिताचे काय हे स्वतः पारखा. ही शिकवण जुन्या देवांना लागू पडते, तशीच नव्या यंत्रांनाही लागू पडते. तेव्हा प्रश्न असा आहे: मालक गेला म्हणजे माणूस मुक्त झाला काय?

सत्ता वाटली म्हणजे न्याय होतो काय?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. त्या वेळी अनेकांचा आग्रह होता की, सत्ता गावोगाव वाटून द्यावी, गाव हाच राज्याचा पाया असावा. बाबासाहेबांनी तो मानला नाही. गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला पायाभूत मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. सत्ता दिल्लीहून गावात आली, पण गावात ती पाटलाच्या वाड्यावरच थांबली, तर महारवाड्याला तिचा काय उपयोग? म्हणून सत्ता एका ठिकाणी आहे की हजार ठिकाणी, एवढेच पाहून भागत नाही. शेवटच्या माणसाला तिच्याविरुद्ध दाद मागता येते काय, हे पाहावे लागते. हीच कसोटी घेऊन आपण दोन्ही सूचना तपासू.

स्वतःच्या छापखान्याची परंपरा

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापण्यास ‘केसरी’ तयार झाला नाही, हा इतिहास आपणांस ठाऊक असावा. दुसऱ्याच्या पत्रात आपल्याला जागा मिळेल ती त्याच्या मर्जीने, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणून १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ अशी पत्रे निघत राहिली, आणि स्वतःचा छापखानाही उभा राहिला.

आजचे व्यासपीठ मोबाईलमध्ये आहे, पण मर्जी दुसऱ्याचीच आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले. त्याच सुमारास पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर बंधने आली. ओळखीची निळी खूण देताना जातिभेद होतो, असा आरोप दलित-बहुजन तरुणांनी उघडपणे केला. त्या दिवसांत भारतातील पुष्कळ लोक ‘मॅस्टोडॉन’ या खुल्या माध्यमाकडे वळले. पुढे २०२२ साली ट्विटर एका धनाढ्य माणसाने विकत घेतले आणि २०२३ साली त्याचे नावही बदलले. ज्यांचे तेथे वर्षानुवर्षांचे लेखन होते, त्यांना कोणी विचारले नाही.

मॅस्टोडॉन २०१६ साली जर्मनीतील एका तरुणाने सुरू केले. त्याची रचना पोस्टासारखी आहे. भिवापूरचे पोस्ट ऑफिस वेगळे, उमरेडचे वेगळे, तरी एकाची पत्रे दुसरीकडे पोहोचतात, कारण नियम एक आहेत. येथेही प्रत्येक गट आपला संगणक चालवतो, आपले नियम ठरवतो आणि इतर गटांशी जोडलेला राहतो. एखाद्या ठिकाणी अन्याय झाला तर आपले अनुयायी घेऊन दुसरीकडे जाता येते. हे सुख बड्या कंपनीच्या माध्यमात नाही.

ही रचना आपल्याला अपरिचित नाही. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी कोणालाही वारस नेमले नाही. धम्म आणि विनय हेच तुमचे मार्गदर्शक, असे ते सांगून गेले. त्यानंतर संघ अनेक आवासांत विखुरला. प्रत्येक आवासाची सीमा ठरलेली असे, उपोसथ तेथल्या तेथे होई, निर्णय सर्वांसमोर होत, मतभेद झाल्यास शलाका वाटून मत घेतले जाई. मुख्य कार्यालय नव्हते. विनय मात्र सर्वांचा एकच होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या या सभानियमांचा अभिमानाने उल्लेख केला आहे.

पण विनय नसेल तर? २०१९ साली अमेरिकेतील ‘गॅब’ नावाच्या वंशद्वेष्ट्यांच्या अड्ड्याने मॅस्टोडॉनचीच खुली रचना उचलली. रचना सर्वांसाठी खुली असल्यामुळे त्यांना कोणी अडवू शकले नाही. मात्र बहुतेक इतर गटांनी त्यांच्याशी संबंध तोडले. छन्न भिक्षूला ब्रह्मदंड दिला होता, त्याची येथे आठवण होते: त्याने हवे ते बोलावे, संघाने त्याच्याशी बोलू नये. परंतु येथेही सावध राहा. संबंध तोडण्याचे हत्यार गावाने आपल्यावर कसे चालवले, हे आपण विसरलो नाही. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. संघाचा दंड आणि गावाचा बहिष्कार यांत फरक एवढाच की, संघात दोष सांगितला जातो, ऐकून घेतले जाते आणि चुकणाऱ्याला परत येण्याची वाट असते. छन्नालाही ती वाट मिळाली व तो सुधारला.

सबब, आपल्या तरुणांनी असे खुले व्यासपीठ जरूर उभारावे. मात्र त्याचे नियम मराठीत लिहून सर्वांसमोर ठेवावेत, ते चालवणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात आणि खर्चाचा हिशेब उघडा असावा.

आता पैशाचा प्रश्न

काही तरुण म्हणतात, बाबासाहेबांनाही सरकारच्या हातातले चलन मान्य नव्हते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात आणि १९२५ साली हिल्टन-यंग आयोगापुढील साक्षीत त्यांनी मांडले की, रुपये पाडण्याचा सरकारचा अनिर्बंध अधिकार बंद करावा. टांकसाळ जशी जनतेला बंद आहे तशी सरकारलाही असावी. चलन वाटेल तसे वाढवले की भाव चढतात, आणि मजुरी मात्र मागे राहते. बिटकॉइनही असाच अविश्वास घेऊन २००९ साली सुरू झाले. त्याची संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाऊ नये, असा नियम त्यात घातलेला आहे.

हा अविश्वास निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बाद झाल्या, तेव्हा रोख मजुरीवर जगणाऱ्या माणसांना कामाचे दिवस बुडवून रांगेत उभे राहावे लागले.

परंतु बाबासाहेबांनी बंधन मागितले ते कशासाठी? रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहावी यासाठी. सोमवारी मिळालेल्या मजुरीत शनिवारी तेवढेच धान्य यावे, ही त्यांची कसोटी. आता बिटकॉइन पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९ हजार डॉलर होता. वर्षभरात तो १६ हजारांच्या आसपास आला. भिवापूरच्या मिरची सातऱ्यावर दिवसभर देठ खुडून, हातांची आग सोसून एखादी माउली मजुरी घेते. ती मजुरी या चलनात ठेवली असती तर वर्षअखेरीस चार आण्यांहूनही कमी उरली असती. तिने दाद कोणाकडे मागावी? मालक नाही, म्हणून जबाबदारही कोणी नाही. गुप्त किल्ली हरवली तर पैसा गेला. चोराने नेला तर परत आणणारे कार्यालय नाही.

एल साल्वादोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले. सामान्य लोकांनी ते रोजच्या व्यवहारात फारसे स्वीकारले नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते स्वीकारण्याची सक्ती त्या देशाला काढून टाकावी लागली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केली. हे चलन बाळगणे गुन्हा नाही. पण २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही. अशा पैशाने मीठ-मिरची घ्यायची कशी?

याहून मोठा धोका आहे तो मध्यस्थांचा. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवून असंख्य कुटुंबांना बुडवले. २०१८ साली पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली. अशा योजना नात्यागोत्यातून आणि समाजाच्या ओळखीतून पसरतात. आपला माणूस ‘जय भीम’ म्हणून दारात आला, म्हणजे त्याच्या योजनेची पारख करायची नाही असे होत नाही.

दगडावरचा हिशेब

उघड्या हिशेबाची कल्पना मात्र फार चांगली आहे, आणि ती आपली जुनी आहे. भिवापूरच्या बांधवांना पवनी परकी नाही. तेथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडला, आणि त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली मिळाली. नाशिकच्या लेणे क्रमांक १० मध्ये उषवदाताचा लेख आहे. त्याने भिक्षूंच्या चीवरासाठी ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे ठेवले: २००० दरमहा एक टक्क्याने, १००० पाऊण टक्क्याने. हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून नोंदला गेला. हिशेब सर्वांना दिसत होता, आणि त्यामागे जबाबदार विणकर उभे होते. आभासी चलनाने यातला हिशेब घेतला, विणकर सोडून दिले.

मग आपण काय करावे? सिगालाला तथागतांनी सांगितले होते की, मिळकतीचे चार भाग करा: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा संकटासाठी राखून. त्याच उपदेशात जुगाराचे सहा दोष सांगितले आहेत. वाढेल या आशेने घरचा चौथा भाग अशा चलनात घालणे, हा जुगारच होय. त्यापेक्षा बँकेचे खाते, पोस्टाची बचत आणि विहारातला स्त्रियांचा बचत गट बरा. बचत गटाचा हिशेब दर पौर्णिमेला सर्वांसमोर वाचून दाखवा. ज्या तरुणाला या विद्येची आवड आहे त्याने ती अवश्य शिकावी, त्यातून नोकरी-धंदा करावा. पण आईच्या मजुरीवर प्रयोग करू नये.

बंधु-भगिनींनो, आपण धर्मांतर केले ते केवळ मालक झुगारण्यासाठी नव्हे, शीलाने बांधून घेण्यासाठी केले. बोलण्याची जागा आपली करा. पैसा मात्र तेथेच ठेवा, जेथे तो बुडाल्यास उत्तर देणारा माणूस समोर उभा करता येईल.

जय भीम!