सारखी उडी, वेगळे पदक



मार्च २०२४ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जागतिक इनडोअर अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांच्या लांब उडीत ग्रीसच्या मिल्टियाडिस टेंटोग्लूने ८.२२ मीटर उडी मारली. इटलीच्या मात्तिया फुर्लानीनेही ८.२२ मीटरच मारली. टेंटोग्लू टोकियो ऑलिंपिकचा विजेता, तर फुर्लानी अवघा एकोणीस वर्षांचा पोरगा, आईच्याच हाताखाली तयार झालेला. सुवर्णपदक टेंटोग्लूला मिळाले, फुर्लानीला रौप्य. तिसरा आलेला जमैकाचा केरी मॅकलिओड ८.२१ वर होता, म्हणजे दोघांपेक्षा फक्त एक सेंटिमीटर मागे.

उडी सारखी, मग पदक वेगळे का? नियम असा आहे की सर्वोत्तम उडी सारखी निघाली तर प्रत्येकाची दुसऱ्या क्रमांकाची चांगली उडी पाहायची. ती टेंटोग्लूची जास्त लांब होती. तीही सारखी असती तर तिसरी पाहिली असती, मग त्याच क्रमाने पुढच्या, आणि शेवटपर्यंत बरोबरी राहिली असती तर मात्र दोघांना एकच स्थान मिळाले असते.

हे न्याय्य आहे का, हा प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस घोळत राहिला. नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होता, म्हणून तक्रारीला जागा नाही, असे कोणीही चटकन म्हणेल. फुर्लानीवर कोणी अन्याय केला असे आम्हीही म्हणत नाही. पण आधी सांगितलेला प्रत्येक नियम आपोआप न्याय्य ठरत नाही, हे आपण घरात आणि गावात पुष्कळ वेळा अनुभवले आहे. तेव्हा नियमाच्या पोटात काय आहे ते पाहू या.

नियमाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. एखादी उडी नशिबाने साधते. पाऊल फळीवर नेमके पडते, शरीर त्या क्षणी साथ देते. पण दोनदा लांब जाणे हे नुसते नशीब नव्हे. ज्याची दुसरी उडीही चांगली, त्याचे कौशल्य अधिक भरवशाचे. एरवीही माणसाची पारख आपण अशीच करतो. सणाच्या दिवशी तो कसा वागला यापेक्षा साध्या सोमवारी कसा वागतो, ते आपण पाहतो.

हे पटते, पण पुरते पटत नाही. कारण भरवसाच मोजायचा असेल तर सहाही उड्यांची सरासरी का काढत नाहीत? लांब उडीचा सारा खेळच वेगळ्या तत्त्वावर उभा आहे. पाच उड्या फाउल झाल्या आणि एकच साधली, तरी त्या एकीवर माणूस जगज्जेता होऊ शकतो. म्हणजे सुरुवातीला आपण म्हणतो, "तुझा सर्वांत चांगला क्षण दाखव, बाकीचे आम्ही विसरू." आणि बरोबरी झाली की म्हणतो, "थांब, बाकीचेही बघू दे." एकाच संध्याकाळी दोन मापे!

आता मोजमापाचेच पाहा. लांब उडीत सेंटिमीटरच्या खालचा भाग सोडून देतात. आठ मीटर बावीस सेंटिमीटर आणि वर आठ मिलिमीटर भरले, तरी लिहायचे ८.२२ च. शिवाय उडी पाऊल उचलले तिथून मोजत नाहीत, तर फळीच्या पुढच्या कडेपासून मोजतात. त्या कडेच्या दहा सेंटिमीटर आधीच ज्याचे पाय सुटले, त्याचे ते दहा सेंटिमीटर गेलेच. आणि पाऊल कडेच्या जरा पुढे गेले तर अख्खी उडीच बाद. तेव्हा ग्लासगोत दोघांनी हवेत कापलेले अंतर खरोखर सारखे होते का? बहुधा नसावे. ती बरोबरी आपल्या टेपने घडवलेली होती.

आम्हाला वाटते, मिलिमीटर सोडून देण्यात एक प्रामाणिकपणा आहे. ओल्या वाळूत टाचेने पाडलेल्या खळग्याची कड काही सुरीने कापलेली नसते. तिच्यावरून मिलिमीटरचा निवाडा करणे म्हणजे जे दिसत नाही ते दिसल्याचे सांगणे. पंच जणू कबूल करतात की यापुढे आमची नजर पोचत नाही. अडचण पुढे येते. इतके कबूल केल्यावरही पहिला कोण हे ठरवायचेच, असा आपला हट्ट असतो. मग आपण दुसरीकडे पुरावा शोधायला निघतो.

हा हट्ट सोडता येतो का? टोकियोत १ ऑगस्ट २०२१ रोजी उंच उडीत कतारचा मुताझ बार्शिम आणि इटलीचा जानमार्को ताम्बेरी यांनी २.३७ मीटर पार केले. दोघेही २.३९ वर तीनदा चुकले, आणि आधीच्या चुकांच्या हिशेबातही फरक निघेना. पंचांनी निर्णायक उडीचा पर्याय पुढे ठेवला. दोघांनी तो नाकारला आणि सुवर्णपदक वाटून घेतले. साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्याच दिवशी, त्याच मैदानावर, लांब उडीत टेंटोग्लू आणि क्यूबाचा हुआन मिगेल एचेवारिया दोघेही ८.४१ वर थांबले. टेंटोग्लूने ती मजल शेवटच्या उडीत मारली. एचेवारिया शेवटच्या प्रयत्नाला धावला, पायाच्या दुखण्याने मध्येच कोसळला आणि रडू लागला. दुसरी चांगली उडी टेंटोग्लूची मोठी होती, म्हणून सुवर्ण त्याचे. पदक वाटून घ्याल का, असे या दोघांना कोणी विचारले नाही. नियमात तशी जागाच नव्हती.

म्हणून नियम बदलावा, असे आमचे म्हणणे नाही. दर वेळी पदके वाटत बसलो तर स्पर्धेला अर्थ उरणार नाही, आणि कागदावरचा फरक, कितीही लहान असला तरी, पंचांना डोळ्याआड करता येत नाही. आमची हरकत एका शब्दाला आहे. टेंटोग्लू पहिला आला, हे खरे. पण "त्या दिवशी टेंटोग्लू अधिक चांगला होता" असे आपण सहज बोलून जातो, तिथे मात्र जीभ जरा आवरावी. स्थान नियमाने ठरले. कोण किती मोठा, हे त्या वाळूत लिहिलेले नव्हते. फुर्लानीच्या आईला हे कोणी समजावून सांगायची गरज पडली नसेल.

मार्च २०२५ मध्ये चीनमधील नानजिंगला पुन्हा हीच स्पर्धा झाली. फुर्लानी ८.३०, जमैकाचा वेन पिनॉक ८.२९, ब्रिटनचा लियाम ॲडकॉक ८.२८. या वेळी सुवर्ण फुर्लानीला मिळाले, एका सेंटिमीटरने.