लाकडाच्या बाजूने साक्ष

गिटार शिकवणाऱ्या माणसाच्या शब्दाला त्याच्या लायकीपेक्षा जास्त वजन मिळतं. मुलगी विचारते, "सर, कोणती घेऊ?" आणि मी जे म्हणेन त्यावर तिच्या घरातलं कोणीतरी पैसे मोजतं. रत्नागिरीत, खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात बसून, मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आलो आहे: लाकडाची घे, आवाज लाकडाचाच खरा. हे उत्तर माझ्या कानाने दिलेलं आहे, असं मी धरून चाललो होतो. कान सोडून आणखी कोणकोण त्यात बोलत होतं, ते पाहायची वेळ भाच्यामुळे आली. तो कामासाठी जर्मनीला गेला आणि जाताना त्याची कार्बन फायबरची गिटार माझ्याकडे ठेवून गेला.

काळी, गुळगुळीत, अंगावर लाकडाची एकही रेषा नाही. हातात घेतली तेव्हा तारेला बोट लागायच्या आधीच माझं मत तयार होतं. या चौकशीतली पहिली नोंद हीच, आणि ती माझ्या विरुद्ध जाते.

वाजवल्यावर मात्र खरोखरच वेगळं काही ऐकू आलं. जाड तारांचा नाद भरीव, स्वच्छ. बारीक तारांवर स्वर सुटला की त्याचे वरचे उपस्वर बराच वेळ तरंगत राहतात. भराभर स्वर घेतले तर आधीचा स्वर पुढच्याच्या अंगावर सांडतो. माझ्या लाकडी गिटारीत आघात गोलसर येतो आणि स्वर लवकर आवरतं घेतो, त्यामुळे दोन स्वरांच्या मध्ये जागा उरते. आणखी एक: कार्बनच्या वरच्या पाटीला चुकून नख लागलं तर जो 'टक्' येतो तो रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा असतो. लाकडावरही नख लागतंच, पण तो आवाज मला आवाज वाटतच नाही, इतका तो कानात बसला आहे.

याला कारणं आहेत आणि ती गूढ नाहीत. अकूस्टिक गिटारीचा आवाज मुख्यतः वरच्या पाटीचा. ती हलकी हवी आणि ताठही हवी, म्हणजे तारेची इवलीशी ताकद तिला हलवू शकते आणि तारांचा ताण मात्र तिला वाकवू शकत नाही. स्प्रूसचं लाकूड या दोन्ही अटी विलक्षण पाळतं. घन सेंटीमीटरला जेमतेम ०.४ ते ०.४५ ग्रॅम वजन, आणि रेषांच्या दिशेने ताठपणा १० ते १२ गिगापास्कल. आडव्या दिशेने तेच लाकूड दहापटीहून अधिक लवचीक असतं. कार्बनचे तंतू इपॉक्सीत एकाच दिशेने बसवले तर ताठपणा १२० गिगापास्कलच्या पुढे जातो, पण वजनही घन सेंटीमीटरला दीड ग्रॅमच्या वर. म्हणून लाकडाची पाटी अडीच-तीन मिलिमीटर जाड असते, तर नुसत्या कार्बनची त्याहून बरीच पातळ ठेवावी लागते, आणि तंतू कोणत्या दिशेला किती घालायचे हे कारागीर ठरवतो. शिवाय लाकडाच्या आतलं घर्षण वरच्या पट्टीतली कंपनं लवकर खाऊन टाकतं. कार्बनमध्ये ती भूक कमी. मला ऐकू आलेले रेंगाळणारे उपस्वर बऱ्याच अंशी इथून येतात.

ही मापं वाचकाला रुक्ष वाटतील. मला त्यांनी धीर दिला हे कबूल करतो, कारण फरक माझ्या मनाचा खेळ नव्हता. पण तिथेच थांबलो असतो तर फार सोयीचं झालं असतं. फरक आहे, मला तो कळतो, अर्थात माझं म्हणणं बरोबर! या 'अर्थात'पाशी पुन्हा परतावं लागलं.

दोन्ही गिटारींवर एकाच जाडीच्या नव्या फॉस्फर ब्रॉन्झ तारा चढवल्या. जुन्या तारा लाकूड आणि कार्बन दोघांनाही सारख्याच मुक्या करतात, आणि तसल्या तुलनेला अर्थ नसतो. माझ्या मुलीला मागच्या खोलीत बसवलं, दार अर्धं लोटलं, आणि तिने मनाला येईल त्या क्रमाने दोन्ही वाजवल्या. बहुतेक वेळा मी गिटार बरोबर ओळखली. छाती फुगायला लागली तेवढ्यात आतून तिचा आवाज आला, "बाबा, ओळखताय ठीक आहे, पण आवडली कुठली?"

तोवर हा वेगळा प्रश्न आहे हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिने पुन्हा वाजवायला घेतलं आणि मी ओळखायचा हट्ट सोडून फक्त आवडीकडे लक्ष दिलं. जोरकस स्ट्रमिंगला लाकूड उजवं वाटलं. सगळ्या तारा मिळून एक जीव होतो. संथ लयीत एकेक तार छेडत, अंगठ्याने खर्ज धरून वाजवलेल्या तुकड्यात मात्र मला कार्बन जास्त आवडली. ते रेंगाळणारे उपस्वर, ज्यांना मी मघाशी दोष दिला होता, त्यांनीच तिथे मधल्या मोकळ्या जागा भरल्या. तानपुऱ्याची जवारी नीट लागली की जो भरणा होतो, त्याच्या आसपासचं काहीतरी. मी "ही" म्हटलं आणि लगेच मनात आलं की ही लाकडाचीच असेल. ती नव्हती.

म्हणजे ओळखण्याचं कौशल्य मी श्रेष्ठतेचा पुरावा म्हणून वापरत आलो होतो. ओळखता येतं एवढ्यावरून इतकंच ठरतं की एका आवाजाशी माझी जुनी सलगी आहे आणि दुसऱ्याशी नाही. माझा कान लाकडावर वाढला. गोड, उबदार, मोकळा ही माझी सगळी मापं लाकडाच्याच घरची आहेत; त्यांनी कार्बन मोजायला गेलो तर ती प्रत्येक वेळी थोडी कमीच भरणार. पक्षपाती पंचाला आपण पक्षपाती आहोत हे कधी आतून जाणवत नाही, त्याला फक्त समोरचा संघ खराब खेळताना दिसतो.

निदान वरच्या पाटीबाबत कानाची थोडी तरी साक्ष आहे. शिसवीच्या पाठीबद्दल मी जे बोलतो ते याहून डळमळीत आहे. माझ्या गिटारीची पाठ आणि कडा शिसवीच्या. त्यामुळे खर्जाला खोली येते, असं मी मुलांना अगदी भक्तिभावाने सांगतो. आधुनिक गिटारीचा आराखडा ज्यांच्याकडे जातो त्या स्पेनच्या अंतोनिओ दे तोरेस यांनी १८६२ मध्ये पाठ आणि कडा चक्क कागदी लगद्याच्या करून गिटार बनवली होती. वरची पाटी तेवढी उत्तम लाकडाची. आवाज पाटीत असतो हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी याच गोष्टीची कसून परीक्षा घेतली. रॉजर बकनॉल या कारागिराने सहा गिटारी बनवल्या, पाठ आणि कडांचं लाकूड सोडून बाकी शक्य तेवढं सारखं. त्यात ब्राझीलची महागडी रोझवूड होती, आपली शिसव होती, महॉगनी, मेपल, अक्रोडही होतं. ५२ गिटारवादकांनी काहीही दिसू नये अशा अवस्थेत त्या वाजवल्या. आवाजाला दिलेल्या गुणांत लाकडागणिक म्हणावा असा फरक निघाला नाही. स्वस्त लाकूड महागाच्या शेजारी मान वर करून उभं राहिलं.

हा निष्कर्ष मला पूर्वीपासून माहीत होता. वर्गात तो मी कधी सांगितला नाही, एवढंच.

"लाकूड मुरतं, गिटार वाजवत गेलं की खुलते" हेही माझं लाडकं वाक्य. ऑस्ट्रेलियात एकाच कारागिराने एकाच झाडाच्या लाकडातून दोन व्हायोलिनं बनवली होती. एक वादकाच्या रोजच्या हातात राहिलं, दुसरं सिडनीच्या पॉवरहाउस संग्रहालयात जपून ठेवलं. तीन वर्षांनंतर वाजवून आणि ऐकून तपासलं तेव्हा दोघांत लक्षणीय फरक सापडला नाही. तीन वर्षं म्हणजे फार नाहीत, पन्नास वर्षांनी काय होईल हा प्रश्न उरतो, पण मी मुलांना सांगतो ते पन्नास वर्षांचं नव्हे. दोन-तीन वर्षांत खुलेल, असंच सांगतो. त्या काळात खुलतात ती बहुधा वाजवणाऱ्याची बोटं.

आणि हे सगळं बोलणारा मी सकाळी रियाजाला बसतो तेव्हा शेजारी मोबाइलमधला तानपुरा लावतो. मिरजेच्या सतारमेकरांनी घडवलेला, पंढरपूरकडच्या भोपळ्याचा तानपुरा ऐकून मोठा झालेला माणूस मी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला आनंद झाला, आणि त्या दिवशीही रियाज मोबाइलवरच झाला. तिथे ना भोपळा, ना लाकूड, ना तार, तरी माझं मन कधी खट्टू झालं नाही. सोय आड आली की शुद्धतेचा आग्रह निमूट बाजूला होतो. गिटारीच्या बाबतीत तो टिकून आहे, कारण तिथे दुसऱ्याच्या सोयीचा प्रश्न असतो.

मग लाकडाला मी इतका का चिकटून आहे? एक उत्तर पावसाळ्यात मिळतं. लाकडी गिटारीला हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के मानवते. कोकणात जुलैमध्ये ती ८० च्या खाली आली तर नवल. पाटी फुगते, ब्रिज वर येतो, तारा फ्रेटपासून उचलल्या जातात. मी केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ बघतो, ऊन पडलं की ती बाहेर काढून पुसतो. हे मला मनापासून आवडतं. दमट हवेतही बिनघोर राहील असं वाद्य बनवायच्या ध्यासातून हवाईच्या माउई बेटावरचे भौतिकशास्त्रज्ञ जॉन डेकर यांनी कार्बनच्या गिटारींची 'रेनसाँग' कंपनी उभी केली, नावातच पाऊस. माझ्या गावाला शोभणारी गिटार ती. पण तिला माझी गरज लागत नाही, आणि हे मला खुपतं. लाकडीच्या सेवेचं पुण्य मी तिच्या आवाजाच्या खात्यात जमा करत आलो आहे.

आता मी कार्बनचा भक्त झालो आहे असंही नाही. शिसव सह्याद्रीतली, उभी वाढायला कैक दशकं घेणारी. तिच्या कुळातल्या ब्राझीलच्या झाडाचा व्यापार १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानं बंद झाला, २०१७ मध्ये सगळ्या कुळावर निर्बंध आले, आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कानाला ओळखू न येणाऱ्या पाठीसाठी असं झाड पाडायचं का, हा प्रश्न मला टोचतो. पण कार्बनचा तंतू काही आभाळातून पडत नाही. तो पेट्रोलियमपासून निघालेल्या रसायनातून येतो, हजार अंशांच्या वर भाजला जातो, आणि इपॉक्सीत एकदा गोठला की सहजी सुटत नाही. लाकडी गिटारीची मान वाफ देऊन सोडवता येते, तडा गेलेली पाटी चिकटवता येते, आणि हे काम येणारा माणूस कोल्हापुरात, पुण्यात शोधला तर सापडतो. कार्बनला मोठी चीर गेली तर आपल्याकडे कोणाकडे न्यायची?

शिवाय माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांपुढे हा वाद उभाच राहत नाही. त्यांच्या ऐपतीतली 'लाकडी' गिटार म्हणजे प्लायवूडची पाटी, आणि त्यांच्या ऐपतीतली 'कार्बन' म्हणजे पुष्कळदा कार्बन मिसळून साच्यात ओतलेलं पॉलिकार्बोनेट. मी सांगत होतो ते स्प्रूसचं गुणगान, आणि ती मुलं आणत होती प्लायवूड. अशा मुलाला सध्या मी आधी विचारतो की गिटार घरात कुठे ठेवणार, भिंत ओली होते का, पावसाळ्यात रोज हाताळली जाईल का. तारा उचललेली गिटार नवशिक्याची बोटं सोलते आणि श्रावणातच त्याचं शिकणं थांबवते. तिच्या आवाजाची चर्चा तिथे निरर्थक ठरते. ज्यांच्याकडे पैसे आहेत आणि ज्यांना खरंच ऐकायचं आहे, त्यांना दोन्ही वाजवून दाखवतो, मत देत नाही.

मत देत नाही, असं मला वाटत होतं. परवा मुलीने दाखवून दिलं की लाकडीवर मी बोटांत मुरलेली रचना वाजवतो आणि कार्बनवर नुसते सी, जी, डी. तेव्हापासून दोन्हींवर एकच तुकडा घेतो. पण तो तुकडाही मी लाकडी गिटार मांडीवर घेऊनच बसवलेला आहे, तिचे स्वर किती वेळात विरतात त्या मापाने त्यातल्या जागा सोडलेल्या आहेत. कार्बनवर बसून नवीन काही रचायला हवं, असं ठरवून गिटार काढून ठेवली आहे. अजून घेतली नाही.