पंग्वंधन्याय आणि दोघांची सायकल

सांख्य दर्शनात पुरुष आणि प्रकृती यांच्या संयोगाचे स्वरूप विशद करण्यासाठी जो दृष्टान्त योजला आहे, तो पंग्वंधन्याय या नावाने परिचित आहे. ईश्वरकृष्णाच्या 'सांख्यकारिके'तील एकविसाव्या कारिकेत त्याचा केवळ निर्देश येतो. पुढे भाष्यकारांनी त्याची कथा केली. पांगळ्याला दिसते, पण चालवत नाही; आंधळ्याला चालवते, पण दिसत नाही. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसून वाट दाखवतो आणि दोघेही इष्ट स्थळी पोहोचतात. पुरुष हा पाहणारा, परंतु अकर्ता. प्रकृती ही करणारी, परंतु अचेतन, असे या दृष्टान्ताचे तात्पर्य. मात्र याच दृष्टान्ताने सांख्यांना अडचणीतही आणले. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्यांनी नेमके त्यावर बोट ठेवले आहे. पांगळा चालत नसला, तरी तो बोलतो आणि बोलण्याने आंधळ्याला प्रवृत्त करतो. सर्वस्वी निष्क्रिय अशा पुरुषाला हे कसे साधावे, असा त्यांचा आक्षेप आहे.

आचार्यांचा हा आक्षेप तत्त्वमीमांसेच्या क्षेत्रातला आहे. तथापि नीतिविचारालाही त्यातून एक सूत्र मिळते. दोन माणसे मिळून एखादे कार्य करतात, तेव्हा बोलणे हीदेखील कृतीच असते. किंबहुना ज्याला दिसते, त्याच्या वाट्याला आलेली ती एक प्रमुख कृती असते. हे मान्य केले, की दोन प्रश्न उभे राहतात. ज्याच्या हाती दिशा नाही, त्याला कर्ता म्हणता येईल काय? आणि ज्याच्या हाती दिशा आहे, तो आपल्या सोबत्याचे काय देणे लागतो? ग्रंथांत अमूर्त भासणारे हे प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात प्रचारात आलेल्या एका वाहनाने अगदी स्थूल, लोखंडी रूपात माणसापुढे आणून ठेवले. ते वाहन म्हणजे टँडेम, दोघांनी मिळून चालवायची सायकल.

'टँडेम' हा मूळचा लॅटिन शब्द. 'अखेरीस', 'दीर्घ काळाने' असा त्याचा कालवाचक अर्थ. अठराव्या शतकातील इंग्रजांनी त्यावर श्लेष साधून त्याला 'लांबीच्या दिशेने' असा स्थलवाचक अर्थ दिला आणि एकामागे एक घोडे जुंपलेल्या गाडीला ते नाव बहाल केले. पुढे घोड्यांची जागा माणसांनी घेतली. एका लांब सांगाड्यावर दोन बैठका, दोन हँडले, पेडलांच्या दोन जोड्या. चाके मात्र दोनच. मागचे हँडल वळत नाही, ते केवळ धरण्यापुरते असते. दिशा, गिअर आणि बहुधा ब्रेकही पुढच्याच्या हाती. पेडलांच्या दोन्ही जोड्या एका साखळीने बांधलेल्या असल्यामुळे, काही विशेष रचना सोडल्यास, दोघांचे पाय एकाच गतीने फिरतात आणि एकाच वेळी थांबतात. इंग्रजीत पुढच्या स्वाराला 'कॅप्टन' आणि मागच्याला 'स्टोकर' म्हणतात. पहिला शब्द जहाजाचा नायक सुचवतो, तर दुसरा भट्टीत कोळसा टाकणारा कामगार. नावांतच एक उतरंड आहे, आणि नैतिक प्रश्नाचा आरंभ या नावांपासूनच होतो.

महाराष्ट्रात गावोगावी 'डबलसीट' हा शब्द रूढ आहे. एकजण सायकल चालवतो, दुसरा कॅरिअरवर किंवा दांडीवर बसतो. तेथील नाते उघड असते: एक नेणारा, दुसरा नेला जाणारा. उपकार कोणाचा आणि ऋण कोणाचे, याविषयी संदेह राहत नाही. दोघांच्या सायकलीवर मागचा स्वार हे ओझे नसते. सपाट रस्त्यावर वाऱ्याचा रोध एका स्वाराला होतो त्याहून फारसा अधिक नसतो, बळ मात्र दोघांचे लागते. त्यामुळे वेग वाढतो. चढावर दोघांचे वजन जाणवते आणि पायांची लय जुळली नाही, तर श्रम व्यर्थ जातात. उतारावर तेच वजन वेगाला अनावर करू पाहते. म्हणून दूरच्या प्रवासाच्या सायकलींना कधीकधी तिसरा ब्रेक जोडतात आणि क्वचित त्याची मूठ मागच्याच्या हाती देतात. ज्याला पुढचा रस्ता दिसत नाही, त्याच्या हाती आवर घालण्याचे साधन द्यावे, ही योजना केवळ यांत्रिक नाही.

प्राचीन भारतीय परंपरेने सहप्रवासातून जुळणाऱ्या नात्याचा विचार पावलांच्या मापाने केला. सात पावले सोबत चालल्याने जे जुळते, ते 'साप्तपदीन' सख्य. पाणिनीने या शब्दाची नोंद सख्याच्या अर्थीच केली आहे. परंतु सात पावले चालणाऱ्यांचे पाय ज्याचे त्याचे असतात. एकजण थांबला, तर दुसऱ्याला पुढे निघून जाता येते. ही मोकळीक हाती असूनही तिचा उपयोग न करणे, यात त्या सख्याचे मोल आहे. टँडेमवर ही मोकळीकच उरत नाही. मग जे शिल्लक राहते ते सख्य, की दोघांच्या पायांत अडकवलेली एकच बेडी?

या प्रश्नाचे एक उत्तर सायकलप्रवासाच्या आरंभकाळातील वाङ्मयात सापडते. फिलाडेल्फियाचे चित्रकार जोसेफ पेनेल आणि लेखिका एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल यांचा विवाह १८८४ मध्ये झाला. त्याच वर्षी या दांपत्याने दोघांच्या तीनचाकी टँडेमवरून लंडन ते कँटरबरी असा, चॉसरच्या यात्रेकरूंच्या वाटेने, प्रवास केला; नंतर फ्लॉरेन्सहून रोमपर्यंतची वाटही अशाच वाहनावरून कापली. पहिल्या प्रवासावरील पुस्तक १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यवहारात लेखणी एलिझाबेथची आणि रेखाटने जोसेफची. तरीही पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर प्रवास, लेखन आणि चित्रण या तिन्ही क्रिया दोघांच्या संयुक्त नावे नोंदवल्या आहेत. ज्या काळात स्त्रीने सायकलीवर बसावे की नाही, हाच वादाचा विषय होता, त्या काळात हे श्रेयलेखन विशेष अर्थपूर्ण ठरते. कोणी किती लिहिले, कोणी किती पेडल मारले, याचा जमाखर्च त्यात नाही.

असा जमाखर्च मांडता येतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. प्रत्येकाच्या पायाने किती बळ लावले, हे आज उपकरणाने मोजता येते. प्रश्न आहे तो मापाने काय सिद्ध होते हा. एकाने साठ भाग श्रम केले आणि दुसऱ्याने चाळीस, म्हणून प्रवासाचा साठ टक्के भाग पहिल्याचा होत नाही. दोघेही पूर्ण प्रवास करतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला यथार्थ दिसत नाही, असेही तेथे म्हटले आहे. या विवेचनाचा रोख अहंकाराच्या निरासाकडे आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची ठरते. एकट्याने कर्तेपण घेणे हा जसा भ्रम, तसाच दुसऱ्याला कर्तेपणातून वगळणे हाही भ्रमच होय. हँडल हाती असणे म्हणजे कर्म हाती असणे नव्हे.

तथापि कर्तेपण केवळ श्रमाने मिळते, असे मानले तर घाण्याच्या बैलालाही कर्ता म्हणावे लागेल. येथे शंकराचार्यांनी दाखवलेला 'बोलण्या'चा मुद्दा पुन्हा पुढे येतो. मागच्या स्वाराला समोर दिसते ती पुढच्याची पाठ. खड्डा, वळण, गतिरोधक यांपैकी काहीही त्याला वेळेवर कळत नाही. धक्का मात्र पुरा बसतो. म्हणून पुढच्याने आधी सांगावे लागते: खड्डा आला, गिअर बदलतो आहे, पाय थांबव, उजवीकडे वळतो आहे. हे सांगणे सौजन्याचे नव्हे, ते त्या संयुक्त कृतीचेच एक अंग आहे. खड्ड्याची सूचना मिळाली, की मागचा स्वार बैठकीवरून किंचित उठून तो धक्का स्वतःच्या पायांवर घेतो. सूचना नसेल, तर तोच धक्का त्याच्यावर येऊन आदळतो. खड्डा एकच, एका प्रसंगी मनुष्य त्याला सामोरा जातो, दुसऱ्या प्रसंगी केवळ सोसतो. कर्ता आणि ओझे यांतील अंतर ते एवढेच, आणि ते एका शब्दाने पडते.

पुढच्याला न बोलण्याचा मोह होतो, तो बहुधा दुष्टपणातून नव्हे. कित्येकदा तो दयेतून होतो. उगाच कशाला घाबरवायचे, आपण सांभाळून नेऊ, असे त्याला वाटते. हे दयाळू मौन केवळ सायकलीवरचे नाही. भारतीय कुटुंबाला ते चांगलेच परिचित आहे. रोग्याला त्याच्या रोगाचे नाव सांगितले जात नाही. घर गहाण पडल्याचे गृहिणीला उशिरा, आणि तेही बाहेरून, कळते. वृद्ध वडिलांची जमीन त्यांच्या सहीने विकली जाते, पण सही कशावर केली, हे त्यांना उमजलेले नसते. प्रत्येक ठिकाणी सांगितले जाणारे कारण एकच: त्यांना त्रास नको. वस्तुतः त्रास टळत नाही. तो ठरल्या वेळी येतोच. फक्त ज्याला तो होणार, त्याची त्याला सामोरे जाण्याची संधी हिरावली जाते. रोग त्या रोग्याचाच असतो, श्वासही त्यालाच घ्यावा लागतो. परंतु आपल्याच प्रवासात तो सामान होऊन बसतो. जवळच्या माणसाला असे सामान करणे हा प्रेमाचा अतिरेक नव्हे, तो प्रेमातला दोष आहे.

या विचाराची खरी कसोटी लागते ती पुढचा डोळस आणि मागचा दृष्टिहीन असतो तेव्हा. पॅरालिम्पिक स्पर्धांत दृष्टिबाधित सायकलपटू टँडेमच्या मागील बैठकीवरून स्पर्धा करतात आणि पुढे डोळस 'पायलट' असतो. २०१६ च्या रिओ येथील स्पर्धेत ब्रिटनच्या सोफी थॉर्नहिल आणि त्यांच्या पायलट हेलन स्कॉट यांनी सुवर्णपदक मिळवले, तेव्हा पदक दोघींनाही मिळाले. मुळात स्पर्धा मागे बसणाऱ्या सायकलपटूच्या नावे असते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे; हँडल ज्याच्या हाती तो सहायक आणि ज्याच्या हाती नाही तो प्रमुख, असा क्रम येथे लागतो. 'कॅप्टन' आणि 'स्टोकर' या नावांतली उतरंड येथे निरर्थक ठरते.

भारतातही असा प्रयोग झाला आहे. तरुणपणी दृष्टी गमावलेले पुण्याचे मानसशास्त्रज्ञ दिव्यांशु गणात्रा यांनी २०१४ मध्ये 'अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन' ही संस्था स्थापन केली. अपंग आणि अपंगत्व नसलेल्या व्यक्तींनी एकत्र साहस करावे, हा तिचा हेतू. २०१६ मध्ये मनाली ते खारदुंग ला या मार्गावर टँडेम मोहीम झाली. वाटेत बारालाचा ला, तांगलांग ला यांसारख्या उत्तुंग खिंडी लागतात. लेहच्या पुढची खारदुंग ला समुद्रसपाटीपासून सुमारे ५,३५९ मीटर उंचीवर आहे. तेथे हवा इतकी विरळ, की डोळसाचाही दम उखडतो. चढावर दृष्टीने सायकल वर जात नाही, ती पायांनी जाते. सांख्यांच्या दृष्टान्तात पाहणारा वर बसलेला आणि चालणारा खाली दबलेला आहे. येथे कोणीही कोणाच्या खांद्यावर नाही. पाहणाराही चालतो, आणि न पाहणाऱ्याला रस्ता शब्दांतून मिळत राहतो.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. सांगणे म्हणजे विचारणे नव्हे. 'खड्डा आला' असे ऐकणाऱ्याला रस्ता निवडण्याचा अधिकार त्याने मिळत नाही. नीट सूचना देणारा हुकूमशहाही असू शकतो. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर रस्त्यावर नाही, मुक्कामावर आहे. खड्ड्याच्या तोंडावर मतदान घेता येत नाही. तेथे एकानेच निर्णय करावा, हे दोघांच्याही हिताचे असते. परंतु कोठे जायचे, किती जायचे, उद्या जायचे की नाही, हे प्रश्न सायकल उभी असताना सुटतात. तेथे हँडलाला विशेषाधिकार नाही. कॅट डिक्सन आणि राझ मार्सडेन या दोन ब्रिटिश महिलांनी टँडेमवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती २६३ दिवसांत. मार्च २०२० मध्ये, महासाथीमुळे युरोपातील सीमा मिटू लागल्या असताना, त्या मायदेशी पोहोचल्या. अशा प्रवासाचे अंतर किलोमीटरांत सांगितले जाते. त्याचे नैतिक माप मात्र सकाळींत आहे. रोज सकाळी दोघींपैकी कोणालाही 'आज नाही' असे म्हणता येत होते. संमती एकदाच दिली आणि जन्माची झाली, असे या वाहनावर होत नाही. ज्या संबंधात ती सकाळ उरत नाही, तेथे सूचना कितीही प्रामाणिक असली, तरी मागचा स्वार बंदिवान असतो. पायांतल्या साखळीची बेडी होते की सख्य, हे मुक्कामावर ठरते, ते या अर्थाने.

सांख्यांच्या कथेचा शेवट वियोगात आहे. प्रयोजन संपले, की पांगळा खांद्यावरून उतरतो आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. त्यांचे नाते गरजेचे होते. गरज सरली, नाते सरले. टँडेमवरचे दोघेही शेवटी उतरतातच. पुढच्याचे हात आखडलेले असतात, मागच्याची पाठ अवघडलेली असते. अशा वेळी कोणी कोणाला आणले, हा प्रश्न तिसरा माणूस विचारतो, आणि उत्तराची अपेक्षा सहसा पुढच्याकडून करतो. त्याने काय उत्तर द्यावे, हे वाटेवर त्याने सोबत्याला काय काय सांगितले, त्यावर अवलंबून आहे. ज्याने प्रत्येक खड्डा आधी सांगितला, त्यालाच 'आम्ही आलो' असे म्हणण्याचा अधिकार पोहोचतो.